कुरडयांना ऊन दाखवताना

आमची परभणी टीव्हीवर येते ती एक तर थंडीने, नाहीतर उन्हाने. हिवाळ्यात पारा खाली गेला की 'परभणी गारठली' आणि मे महिन्यात वर गेला की 'परभणी होरपळली'. मधल्या काळात आम्ही आहोत की नाही याची कुणी चौकशीसुद्धा करत नाही. ही तक्रार टीव्हीवाल्यांविषयी नाही, माझ्या मुलीविषयी आहे. ती पुण्याला असते. परभणी टीव्हीवर आली की तिचा फोन येतो.

"बाबा, लय थंडी हाय म्हणं तिकडं?"

"हाय जराशी."

"स्वेटर घालायलाव का?"

"घालायलोय की."

"बरं मग. ठेवू?"

मी 'ठेव' म्हणतो आणि ती ठेवते. उन्हाळ्यात स्वेटरच्या जागी पाणी येतं, 'पाणी प्यायलाव का', बाकी सगळं तेच. तिला नोकरी आहे, सासू-सासरे आहेत, तिला दोष देण्यात अर्थ नाही. मीही कधी आपण होऊन फोन करत नाही. काय बोलायचं हा प्रश्न असतो. आमच्या घरात बापलेकीत बोलण्याची पद्धतच नव्हती. जे काही असेल ते तिच्या आईमार्फत इकडून तिकडे जायचं.

त्यामुळे मला साधी हवा आवडेनाशी झाली. फेब्रुवारीत इथे फार छान दिवस असतात. ना ऊन लागत, ना थंडी वाजत, संध्याकाळी झुळूक असते. गल्लीतले लोक एकमेकांना 'काय झकास हवा पडलीय' म्हणत फिरायला निघतात. मला मात्र तो महिना खायला उठतो. त्या महिन्यात परभणीला काहीच होत नाही, म्हणून मलाही काही होत नसणार असं पुण्यात धरून चालतात. जानेवारी संपत आला की मी मनातल्या मनात थंडीला म्हणतो, बाई, अजून चार दिवस थांब.

मी एसटीत कंडक्टर होतो. नोकरीत असताना कसलीही हवा असली तरी भोवती माणसंच माणसं. थंडीत सकाळच्या पहिल्या गाडीला लोक एकमेकांना चिकटून बसायचे, खिडक्या गच्च बंद, आणि त्यात कुणी बिडी पेटवली की माझं डोकं फिरायचं. पावसात टपातून पाणी गळायचं. ज्याच्या डोक्यावर गळायचं तो उठून दुसऱ्याच्या सीटवर घुसायचा, आणि त्यांचं भांडण मिटवायला मी. उन्हाळ्यात ताडकळसच्या बाजारची गाडी म्हणजे कांदे, कोंबड्या आणि घाम. पाय ठेवायला जागा नसायची आणि मी ओरडायचो, 'मागं सरका, मागं लय जागा हाय.' मागे काडीचीही जागा नसायची.

दिवाळी झाली की देवगाव फाट्यावर ऊसतोडीला निघालेली माणसं दिसायची. भांडीकुंडी, गाठोडी घेऊन पहाटेच्या गारठ्यात ट्रकची वाट बघत बसलेली. आमची गाडी त्यांच्याजवळून पुढे जायची आणि पुढच्या गावांत फक्त म्हातारी माणसं राहिलेली असायची. तेव्हा मला वाटायचं, सगळं घर निघून गेल्यावर ही मागे राहिलेली माणसं दिवसभर करतात तरी काय? आता कळलं. काही करत नाहीत. ऊन कुठपर्यंत आलं ते बघतात आणि बाज सरकवतात.

आमच्या घरात हवामान खातं बायकोकडे होतं. आभाळ कुणाचंही असो, हुकूम तिचा. मी ड्युटीवरून येऊन जरा पाठ टेकली की आवाज यायचा.

"अवं, आभाळ आलंय. वर जावा."

"वर काय हाय?"

"वर काय हाय ते वर गेल्यावर दिसंल."

वर हमेशा काहीतरी असायचंच. गहू, डाळी, मिरच्या, गाद्या, आणि उन्हाळा लागला की वाळवण. कुरडयांच्या दिवशी तर माझी रजाच घेतलेली असायची, म्हणजे तिने माझ्यासाठी घेतलेली. गहू तीन दिवस भिजत घातलेले, त्यांचा चीक काढून ठेवलेला, आणि उजाडायच्या आत गल्लीतल्या बायका आमच्या स्वयंपाकघरात. एक चीक हाटणार, एक सोऱ्यात भरणार, बाकीच्या पळत गच्चीवर नेऊन बाजेवर कुरडया दाबणार. उद्या यांच्याकडे, परवा त्यांच्याकडे, अशी पाळी फिरायची. उन्हं वर आली की बायका आपापल्या घरी आणि मी गच्चीवर, छत्री घेऊन, चिमण्या हाकायला. आयुष्यभर माणसांना गाडीत चढवलं, आणि रजेच्या दिवशी पाखरांना उतरवत बसायचो. चिडचिड करायचो. ती खालून ताक पाठवायची.

ती गेली श्रावणात. पंधरा दिवस घर भरलेलं होतं. मग एकेक जण निघाला, मुलगी सगळ्यात शेवटी. त्या वर्षी श्रावणाची झड काही थांबेना. बारीक पाऊस, दिवसभर, पत्र्यावर एकच आवाज. कपडे घरातच दोरीवर वाळत घालायचो. दोन शर्ट, एक पायजमा, एक टॉवेल. एकट्या माणसाचे कपडे दोरीवर फार थोडे दिसतात. ते दोन-दोन दिवस वाळायचे नाहीत, आणि काढायची घाईही कुणाला नव्हती.

एकदा दुपारी उघडीप होती, गच्चीवर कपडे होते आणि अचानक अंधारून आलं. मला दिसत होतं. खिडकीतून काळं आभाळ सरळ दिसत होतं. तरी मी घराच्या मधोमध नुसता उभा राहिलो. इतकी वर्षं ढग मला डोळ्यांनी कळलेच नव्हते, तिच्या आवाजाने कळले होते. कुणी 'वर जावा' म्हटलं नाही म्हणून मी गेलो नाही, कपडे भिजले. फार एकटं वाटलं मला त्या दिवशी. अंत्यविधीलासुद्धा इतकं वाटलं नव्हतं, तेव्हा चारजण धरायला होते.

थंडीत बरं असतं असं लोकांना वाटतं. गल्लीच्या तोंडाशी आम्ही पाच-सहा रिटायर लोक कोवळ्या उन्हात बसतो. गुडघे, पेन्शन, आणि कुणाच्या सुनेचं काय चुकतं यावर चर्चा चालते. मग एकेकाला घरातून हाक येते, 'जेवायला चला.' तो कंटाळल्यासारखं तोंड करतो आणि उठतो. मला त्या तोंड करण्याचा हेवा वाटतो. मला कोण हाक मारणार? म्हणून मी शेवटी एकटा उरायच्या आत उठतो, आणि घराकडे बघून 'आलो, आलो' म्हणतो. सोबतचे काही बोलत नाहीत. चांगले लोक आहेत.

एका डब्याचं सांगायचं राहिलं. बायको गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीत माळ्यावर काहीतरी शोधताना सापडला. तेलाचा पत्र्याचा डबा, वर झाकण बसवून घेतलेला. आत तिच्या जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात बांधलेल्या कुरडया. त्याच उन्हाळ्यात केलेल्या, निम्म्याहून कमी राहिलेल्या. मी एक हातात घेतली. पांढरी, हलकी, कडेला सोऱ्या उचलताना राहिलेली बारीक शेपटी. ती शेपटी तिची खूण होती. बाकीच्या बायका अंगठ्याने तोडून टाकायच्या, तिला तेवढा धीर नसायचा.

तळून खाव्यात असं मनात आलंच नाही असं नाही. पण तळली की संपली. दोन घासांत एक कुरडई जाते. मी झाकण लावलं आणि डबा स्वयंपाकघरात खाली आणून ठेवला, रोज दिसेल असा. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

पण कुरडया नुसत्या ठेवून चालत नाही. पावसाळ्यात त्या सादळतात, किडे होतात. दर उन्हाळ्यात त्यांना ऊन दाखवावं लागतं. हे मला माहीत होतं, कारण दाखवायला नेणारा आणि आणणारा मीच असायचो. पुढच्या वैशाखात मी बाज गच्चीवर नेली, तिचं लुगडं अंथरलं, कोपऱ्यांवर दगड ठेवले, कुरडया मांडल्या आणि छत्री घेऊन शेजारी बसलो. चिमण्या आल्याच नाहीत. आता पूर्वीसारख्या चिमण्याही नाहीत. तरी दिवस मावळेपर्यंत बसलो. सांगायला लाज वाटते, पण वर्षभरातला तो माझा सगळ्यात बरा दिवस होता. काम होतं, आणि ते तिनेच लावल्यासारखं होतं.

यंदा उन्हाने कहर केला. सकाळी दहालाच रस्ते ओस पडायचे. पूर्वी ऊन वाढलं की लोक बाहेर यायचे, संध्याकाळी ओट्यावर पाणी शिंपडून बसायचे. आता प्रत्येक घरात कूलर आहे आणि प्रत्येक घराचं दार बंद आहे. कूलर लावला की गार हवा येते, पण शेजारी मेला तरी ऐकू येत नाही. गेल्या वर्षी शेजारच्या घरात एक जोडपं भाड्याने आलं. नवरा बाजारात कापडाच्या दुकानात, बायको घरी. मला 'काका' म्हणते. दोन घरांच्या गच्च्यांच्या मध्ये कमरेइतका कठडा आहे, तेवढ्यावरून बोलणं व्हायचं. ऊन वाढलं तसं तेही बंद झालं.

मला डॉक्टरांनी उन्हात बसायची सक्त मनाई केली होती. एकदा चक्कर येऊन पडलो होतो. म्हणून त्या दिवशी मी सकाळी कुरडया वर मांडल्या, आभाळ चारी बाजूंनी बघून घेतलं आणि खाली आलो. ढगाचा ठिपका नव्हता. तिच्या हाताखाली इतकी वर्षं काढलेला माणूस, मला वाटलं आभाळ मला कळतं. जेवलो, कूलर लावला, डोळा लागला.

मला जाग आली ती शांततेने. कूलर बंद पडला होता. वारा सुटला की आमच्याकडे आधी लाईट जाते. आणि त्या शांततेत मला पाऊस ऐकू आला, टपोरा, दाणदाण पडणारा. क्षणभर मी तसाच पडून राहिलो, सवयीने, कुणी सांगेल म्हणून. मग उठलो आणि जिना चढताना चप्पलही घातली नाही.

वर शेजारीण होती. कठडा ओलांडून आलेली, नखशिखांत भिजलेली. बाज उलटली होती. तिने लुगड्याची चारी टोकं धरून कुरडयांचं गाठोडं छातीशी धरलं होतं आणि त्यातून पाणी गळत होतं.

"काका, किती हाका मारल्या वो. दार बी वाजवलं. कूलर चालू होता तुमचा. वावधान कसलं सुटलं बघा, वाऱ्यानं बाजच पलटी झाली."

मी तिच्यावरच चिडलो. "ठिव खाली," म्हणालो. "कुणी सांगितलं होतं?" मी गाठोडं तिच्या हातातून ओढून घेतलं.

खाली आणून सोडलं तेव्हा कुरडया कुरडया राहिल्या नव्हत्या. मऊ पडून एकमेकींत गुंतल्या होत्या. मी चटई टाकून एकेक सोडवायला लागलो. शेजारीण ओल्या कपड्यांनिशी दारात उभी.

"काका, आता ह्या वाळत न्हाईत. उद्या बी आभाळच हाय म्हणायलेत. आंबून जातील. द्या, कांदा-मिरची घालून भाजी करते."

"न्हाई. पंख्याखाली वाळवतो."

"लाईट कुठंय?"

ती गेली. मी वर्तमानपत्र घेऊन कुरडयांना वारा घालत बसलो. आधी उजव्या हाताने, मग डाव्या हाताने. कुणी पाहिलं असतं तर म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हटलं असतं, आणि ते फारसं चुकलं नसतं. पाऊस थांबला. लाईट काही येईना. उन्हं तिरपी झाली तेव्हा मला वास आला, अगदी थोडासा आंबूस. कुरडईला मुळातच असतो तसा नव्हे, पुढचा. मी खाली वाकून पुन्हा वास घेतला. मग सगळ्या गोळा करून पातेल्यात भरल्या आणि शेजारी नेऊन दिल्या. तिने पातेलं घेतलं आणि कांदा चिरायला बसली. बायकांना न सांगता कळतं, का त्यांना विचारायलाच आवडत नाही, देव जाणे.

अंधारायच्या आत ती भाजीचं पातेलं आणि ताटं घेऊन आली. तिचा नवराही आला, दुकान लवकर बंद केलं होतं म्हणाला. आम्ही ओट्यावर बसलो. भाजी गरम होती, वर कोथिंबीर.

"लय चांगल्या झाल्यात वो काका," तो म्हणाला. "कुणाच्या हातच्या हायत?"

"घरच्या," मी म्हणालो.

त्या दोघांनी माझ्या बायकोला पाहिलेलं नव्हतं. त्यांना भूक लागलेली होती आणि ते जेवत होते. मला त्यांच्या प्रत्येक घासाचा राग येत होता, आणि राग येतोय याची लाजही वाटत होती. पहिला घास मी तोंडात नुसता धरून ठेवला. मग गिळला. मग मात्र मी अधाशासारखं खाल्लं, ताटाकडे न बघता, आणि पातेलं पुसून घेतलं. ताट धुऊन देतो म्हणालो, तिने देऊ दिलं नाही.

ते गेल्यावर मी ओट्यावरच बसून राहिलो. पावसाने सगळं थंड झालं होतं. भिजल्या मातीवरून झुळूक येत होती, ना ऊन ना थंडी. परभणी टीव्हीवर यावी असं काहीच घडलं नव्हतं. तासभर पाऊस, दोन-चार फांद्या. फोन येणार नव्हता हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी केला.

"बाबा? काय झालं? बरं न्हाई का?" तिचा आवाज घाबरलेला होता.

"बरं हाय. पाऊस झाला."

"हा का. जोरात?"

"जोरात."

इथे आमचं बोलणं संपतं. ती 'ठेवू' म्हणायच्या आत मी म्हणालो, "आईच्या कुरडया भिजल्या. भाजी करून खाल्ली."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आईच्या कुरडया होत्या?" ती म्हणाली. "अजून होत्या?"

"डब्यात होत्या थोड्या. शेवटच्या सालच्या."

"अन् मला सांगितलं न्हाई तुमी."

"त्यात काय सांगायचं. कुरडयाच तर होत्या."

"मी आले असते की, बाबा."

"कुरडया खायला? पुण्याहून?"

"पुण्याहूनच आले असते. सुट्टी टाकून आले असते. तळल्या असत्या मी, दोघांनी बसून खाल्ल्या असत्या." मग तिचा आवाज फुटला. "एक तरी उरली का?"

"न्हाई," मी म्हणालो.

ती रडायला लागली. दोन वर्षं मी थंडी वाढायची वाट बघितली, ऊन वाढायची वाट बघितली, एकदा तर चांगला मोठा पूर यावा असंही मनात आणलं, म्हणजे तिला यायला काहीतरी कारण होईल. आणि ती कशासाठी आली असती ते माझ्या स्वयंपाकघरात डब्यात होतं. मी ते तिच्यापासून जपून ठेवलं होतं आणि भाड्याने राहणाऱ्या दोन माणसांबरोबर खाऊन टाकलं होतं. मलाही रडू आलं. बापलेक दोघं फोनवर रडत होतो आणि कुणी कुणाला 'ठेवू?' विचारलं नाही.

बऱ्याच वेळाने नाक ओढत ती म्हणाली, "कशी लागली?"

"मीठ जास्त होतं," मी म्हणालो. "शेजारणीनं घातलंच नव्हतं, कुरडयांतच होतं."

"आईचं पडायचंच जास्त," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो, "पण मी तिला कधी बोललो न्हाई."